हिरानं भरलेला ट्रान्सफॉर्मर

देवगड बंदरावर हिरा कोयंडेला लोक दोन गोष्टींवरून ओळखत. सकाळी तिच्या पाटीतलं म्हावरं आणि दुपारी तिच्या पडवीतली तांब्याची तार. मासळी विकणाऱ्या बायका बंदरावर पुष्कळ होत्या. पण जळलेला ट्रान्सफॉर्मर उघडून, त्याची करपलेली तार उलगडून नवी भरून देणारी बाई विजयदुर्गापासून शिरोड्यापर्यंत ती एकटीच. लोकांना वाटे, नवरा रेडिओ दुरुस्त करतो, त्यानं शिकवलं असेल. तसं काही नव्हतं. नवऱ्यानं तर तिला या कामावरून उठवलं होतं. ती शिकली ती जळफळाटातून, आणि कोणी विचारलं तर ती हे लपवतही नसे.

हिराचा बाप रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, ओढणारा. वाळूवर पडलेल्या जाळ्यातले बांगडे पाटीत टाकताना मोजायचे, हे तिचं पहिलं शिक्षण. चाराचा एक गंडा, पंचवीस गंड्यांचं शंभर. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण बोलता बोलता, भांडता भांडतासुद्धा तिची मोजणी चुकत नसे. लग्न झालं तेव्हा काशीराम मुंबईला गिरणीच्या मोटारखात्यात वायरमन होता. लग्नानंतर पंधरा दिवसांनी तो बोटीवर चढला आणि मग दर वर्षी मे महिन्यात यायचा. महिनाभर राहायचा, फणस-आंबे खायचा, घराची कौलं परतायचा आणि पाऊस लागायच्या आत परत जायचा. हिरानं सासूचं दुखणं काढलं, सुगंधा नावाची एक मुलगी वाढवली, तिला शिरोड्याला दिली. काशीराम तिचा नवरा खरा, पण वर्षातल्या अकरा महिन्यांचा काशीराम कसा होता, काय खात होता, कोणाशी हसत होता, हे तिला ठाऊक नव्हतं. बंदरावरच्या निम्म्या बायकांचं तसंच होतं. म्हणून तिला त्याचं वेगळं काही वाटत नसे.

एकसष्ट साली काशीराम कायमचा घरी आला. गिरणीतल्या कापसानं त्याच्या छातीत खोकला बसवला होता. पुढच्या वर्षी बंदरावर वीज आली, आणि काशीरामनं पडवीला फळ्या ठोकून रेडिओ दुरुस्तीचं दुकान घातलं. माणूस हाताचा चांगला होता. फक्त घरात त्याचं बोलणं मोजकं. हिराला वाटे, स्वभावच तसा आहे.

बंदरावरच्या देवळात श्रावणात भजनी सप्ताह बसतो. सात दिवस, सात रात्री भजन थांबत नाही. गंगाराम बुवा तिथले मुख्य भजनी. त्यांचा आवाज वयानं बसत चालला होता, आणि पखवाजापुढे तो समोरच्या दोन रांगांपलीकडे पोचत नसे. बुवांनी काशीरामला गळ घातली, आणि काशीरामनं घरीच अ‍ॅम्प्लिफायर करायला घेतला. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला भोकं पाडून त्यात काचेचे व्हॉल्व्ह बसवले, मुंबईहून येताना ट्रंकेत आणलेला जुना लष्करी सेट मोडून त्याचा ट्रान्सफॉर्मर घेतला. ट्रान्सफॉर्मर म्हणजे सगळ्या यंत्राचं काळीज. भिंतीतली वीज आधी त्यात जाते, आणि तिथून कुठल्या व्हॉल्व्हला किती मिळायची ते ठरतं.

मृगाच्या आसपास त्यानं पहिल्यांदा वीज दिली. व्हॉल्व्ह तांबूस पेटले, कर्ण्यातून काशीरामचा खोकला सगळ्या बंदरावर ऐकू गेला, शेजारची यमुनाबाई धावत आली. आणि पेलाभर चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात करपट वास सुटला. एक कंडेन्सर आतून शॉर्ट झाला होता आणि त्यानं ट्रान्सफॉर्मरला जाळलं होतं. काशीराम खूप वेळ ते गरम लोखंड हातात घेऊन बसला. पावसामुळे मुंबईच्या बोटी बंद झालेल्या. पार्सलानं मागवावा तर त्या मापाचा मिळेलच असं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, आपणच भरायचा.

त्यानं लोखंडी पट्ट्या एकेक करून सोडवल्या, आतली तार उलगडून तिचे वेढे मोजले, पुठ्ठ्याचं नवं बॉबिन, म्हणजे तार गुंडाळायचं रीळ, केलं. लाकडी चौकटीत हँडड्रिल आडवं बसवून त्याच्या तोंडात बॉबिन धरलं. हँडलचा एक फेरा मारला की बॉबिन चारदा फिरे. एकानं हँडल फिरवायचं आणि दुसऱ्यानं तार हातातून सोडत वेढ्याला वेढा लावत न्यायची. दुसरं माणूस म्हणून त्यानं हिराला बसवलं.

हिराला त्या दिवशी नवी नवरी झाल्यासारखं वाटलं होतं. लग्नाला वीस वर्षं होत आली होती, पण नवऱ्याच्या समोर बसून दोघांनी मिळून एक काम करायची ही पहिली वेळ. पहिली तार जाड होती, ती नीट गेली. मग केसासारखी बारीक तार आली. हिराचे हात जाळ्याचे दोर ओढलेले, मिठानं चिरलेले. तार तुटली. काशीरामनं सोल्डर करून जोडली. पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा तो म्हणाला, "सोड गो. तुज्या हाताचां काम नाय ह्यां."

तो रागानं बोलला नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जामसंड्याहून नर्मदेला घेऊन आला.

नर्मदा म्हणजे त्याच्या गिरणीतल्या शिवा नावाच्या दोस्ताची बायको. शिवा वारला, तशी ती वर्षापूर्वी मुंबई सोडून जामसंड्याला भावाकडे येऊन राहिली होती. मुंबईत ती गिरणीच्या वायंडिंग खात्यात होती. आयुष्यभर तिनं सुताचे धागे रिळावर चढवले होते. शिवाय घरी खाणावळ चालवायची, आणि काशीराम तिच्याकडे जेवायचा. हे सगळं हिराला माहीत होतं, पण खाणावळवाली म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे जाडजूड, आरडाओरडा करणारी बाई होती. पडवीत येऊन बसली ती सडसडीत, नीटनेटक्या अंबाड्याची, हळू आवाजाची. तिनं बोटांत फडक्याचा एक तुकडा धरला, त्यातून तार घेतली, आणि म्हणाली, "फिरवा भावजीनू." तार पाण्यासारखी जाऊ लागली.

हिरा माजघरात चिंच फोडायला बसली. मधलं दार उघडंच होतं.

त्या दोघांत वाईट असं काही नव्हतं. ते हिराला पहिल्या दिवशीच कळलं होतं, आणि कळून उपयोग झाला नव्हता. वाईट असतं तर ती भांडू शकली असती. इथं भांडायचं कशावरून? काशीराम हँडल फिरवता फिरवता बोलत होता, एवढंच. मोटारखात्यातला मुकादम कसा झोपायचा, चाळीतल्या नळावर कोणी कोणाची बादली पळवली, संपात पोळ्या कशा वाटल्या. नर्मदा मध्येच एखादा शब्द टाकायची आणि तो हसायचा. हिरानं त्याचं ते हसणं कधी ऐकलं नव्हतं. पोटातून येणारं, खोकल्यात संपणारं. घरातला मोजका माणूस हा नव्हेच. हा दुसराच कोणी, आणि त्याला ही बाई ओळखत होती.

यमुनाबाई मीठ मागायला आली आणि जाताना म्हणाली, "तुज्या पडवेत मुंबयची गिरण सुरू झाली गो." हिरानं मीठ देताना अर्धं सांडलं.

एका दुपारी काम लांबलं म्हणून काशीरामनं नर्मदेला जेवायला थांबवलं. हिरानं तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं केलं होतं. दर मे महिन्यात तो आला की पहिल्या दिवशी ती तिसऱ्या करायची. खाडीत गुडघाभर चिखलात उतरून स्वतः काढून आणायची. तिनं त्याच्या पानात वाढल्या, आणि नर्मदा सहज म्हणाली, "भावजी तिसऱ्या खाऊक लागले? थंय तर कधी हात लावीत नव्हते." काशीरामनं मान वर केली नाही. म्हणाला, खातो कधीमधी. आणि पानातल्या सगळ्या खाल्ल्या.

हिरानं उरलेलं सुकं त्या संध्याकाळी माडाच्या बुंध्याशी ओतलं. नवऱ्याला काय आवडत नाही हे आपल्याला दुसऱ्या बाईकडून कळावं! इतक्या वर्षांच्या चिखलाचा तिला एकदम वास यायला लागला.

तेव्हापासून ती नुसती ऐकत बसेना, मोजायला लागली. हँडड्रिल जुनं होतं, हँडल वर आलं की एकदा कुरकुरायचं. एक कुरकुर म्हणजे चार वेढे, म्हणजे एक गंडा. शंभर झाले की ती एक चिंचोका वाटीत टाकायची. काशीरामही शंभराला भिंतीवर खडूची एक रेघ मारी. कशासाठी मोजते हे तिला सांगता आलं नसतं. त्या पडवीत जे काही चाललं होतं त्यातलं काहीतरी आपल्याही हातात असावं, एवढंच.

बारीक तारेचे दोन भाग होते. मधे एक टोक बाहेर काढायचं आणि दोन्ही बाजूंना वेढे सारखे भरायचे. पहिला भाग बरोबर झाला. जितक्या रेघा, तितके चिंचोके. दुसरा भाग भरताना नर्मदेनं शिवाची एक आठवण काढली. दारू पिऊन आलेला शिवा जिना समजून शेजाऱ्याच्या कपाटावर चढायला बघत होता. काशीराम हँडल सोडून हसला. हसता हसता उठून त्यानं भिंतीवर रेघ मारली, पाणी प्यायला, परत येऊन बसला, आणि थोडे फेरे झाल्यावर पुन्हा रेघ मारली.

हिराच्या हातातला चिंचोका हातातच होता. शंभर झाले नव्हते. भाग पुरा झाला तेव्हा भिंतीवरच्या रेघांपेक्षा वाटीत एक चिंचोका कमी भरला. तिनं तोंड उघडलं नाही. त्यानं काय बिघडणार हे तिला माहीत नव्हतं. काहीतरी बिघडणार एवढं माहीत होतं, आणि तिला ते गोड वाटलं.

वरची जाड तार भरून झाली. पावसाची हवा, कागद दमट, म्हणून काशीरामनं सगळी गुंडाळी वितळलेल्या मेणात बुडवण्याआधी चुलीवरच्या फळीवर ठेवली, सुक्या बांगड्यांच्या शेजारी. चार-पाच दिवस ती तिथं सुकली. मग लोखंडी पट्ट्या परत बसल्या, वीज दिली, आणि या वेळी धूर आला नाही. पण कर्ण्यातून एकसारखा घूं घूं आवाज येत राहिला, भोपळ्यात भुंगा कोंडल्यासारखा. त्यात काशीरामचा आवाज बुडून गेला.

त्यानं कंडेन्सर बदलले. तारा इकडच्या तिकडे केल्या. त्याच्याकडे मीटर नव्हतं. टेस्टलॅम्प आणि कान, एवढ्यावर त्याचं सगळं दुकान चालायचं. नर्मदा रोज यायची, बाजूला बसायची आणि म्हणायची, माझाच हात कुठंतरी चुकला असेल. काशीराम तिला म्हणायचा, तुमचा हात चुकायचा नाही वयनी. सप्ताह जवळ येत होता. त्याचं जेवण कमी झालं, खोकला वाढला. हिरा हे दारातून बघत होती. तिला वाटलं होतं आनंद होईल. थोडा झालाही. पण "तुमचा हात चुकायचा नाही" हे तो जितक्यांदा म्हणे, तितक्यांदा ती स्वतःच्या चिरलेल्या तळहातांकडे बघे. तिच्या हाताला त्यानं तीन तुटींत निकालात काढलं होतं.

शेवटी एका दुपारी तो पुन्हा तेच म्हणाला, तशी ती दारात उभी राहून बोलली.

"दुसऱ्या भागात शंभर वेढे कमी आसत."

काशीरामला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "तुका काय म्हायत?"

"मी मोजीत होतंय." तिनं चिंचोक्यांची वाटी आणून त्याच्यापुढे ठेवली.

त्यानं भिंतीकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. चेहरा उतरत गेला. "मगे तेव्हाच कित्या सांगूक नाय?"

"तेव्हा तुमी दोघां हसत होतास," हिरा म्हणाली.

नर्मदेनं फडक्याचा तुकडा घडी करून चौकटीवर ठेवला, छत्री घेतली आणि पावसात निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. काशीराम तिला बोलवायला गेला नाही आणि हिराशी एक शब्द बोलला नाही. त्यानं जाड तार सोडली, दुसरा भाग उलगडला आणि उघडं बॉबिन पुढ्यात घेऊन बसून राहिला. गंगाराम बुवा दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा ते म्हणाले, नसेल होत तर नको, गेली चाळीस वर्षं भजन तसंच झालंय. काशीरामला ते जोड्यासारखं लागलं.

हिरानं पाटीत सुकी मासळी भरली आणि ती जामसंड्याला गेली. विकायला गेली असं तिनं यमुनाबाईला सांगितलं. जाऊन बसली ती थेट नर्मदेच्या दारात. नर्मदा देवाच्या वाती वळत होती.

"माका हात शिकव," हिरा म्हणाली.

नर्मदेनं नको म्हटलं नाही, की बरं म्हटलं नाही. आतून शिवणाच्या दोऱ्याचं रीळ आणलं, एक बाटली आणली आणि हिराच्या बोटांत फडकं दिलं. तार ओढायची नाही, ती येते, तिला येऊ द्यायची. हात घट्ट झाला की तुटते, सैल झाला की वेढे एकमेकांवर चढतात. हाताकडे बघायचं नाही, वेढा जिथं बसतो तिथं बघायचं. हिरा तीन-चार दुपारी जामसंड्याला जात राहिली. दोऱ्यानंतर जुन्या जळक्या तारेवर हात बसवला. तळहातांना खोबरेल चोळून चोळून चिरा मऊ केल्या. दोघींत कामापुरतं बोलणं होई.

शेवटच्या दिवशी हिरानं विचारलं, "तेका तिसऱ्या आवडनत नाय, ह्यां तुका कोणी सांगलां?"

"तेणांच. पयल्याच दिसाक."

"माका कधी सांगूक नाय."

नर्मदेनं हातातली वात पुरी केली. "माज्याकडे तो पैसे देऊन जेवी. पैसे देणारो माणूस आवडनिवड सांगता. तुज्याकडे तो म्हयनोभर यायचो. म्हयन्याभरासाठी कोण तोंड वाकडां करीत?" मग दुसरी वात घेत ती म्हणाली, "माका तुजो हेवो वाटी. मे म्हयनो जवळ इलो काय भावजींचां पानात लक्ष नसायचां. ट्रंक काढी, भरी, परत काढी. माजो घोव माज्याच खोलयेत रवान माज्याकडे कधी तसो बघूक नाय."

दुसरी कोणी असती तर हे ऐकून निवली असती. हिरा घाटी उतरताना विचार करत राहिली आणि तिला नवीनच काटा टोचला. नवरा आपल्यासाठी ट्रंक भरत बसायचा, ते आपण कधीच पाहिलं नाही. तेही हिनंच पाहिलं. आपल्या वाट्याची ओढसुद्धा ही बाई बघून बसली होती.

घरी येऊन तिनं हात धुतले, खोबरेल लावलं, फडकं घेतलं आणि काशीरामच्या समोर जाऊन बसली. त्यानं तिच्याकडे बघितलं. ती हलेना, तेव्हा त्यानं हँडलला हात घातला. पहिल्या काही फेऱ्यांत तो मुद्दाम हळू फिरवत होता, तुटेल तेव्हा बोलायला मोकळं व्हावं म्हणून. तार तुटली नाही. हिरा मनात गंडे मोजत होती आणि शंभर झाले की मान हलवत होती. तो रेघ मारत होता. कोणी हसलं नाही. पूर्ण भाग भरला, वरची जाड तार भरली, गुंडाळी पुन्हा चुलीवर सुकली, मेणात बुडाली, पट्ट्यांत बसली. काशीरामनं वीज दिली आणि कर्ण्याला कान लावला. आतून नुसता बारीक श्वासासारखा आवाज येत होता. तो "झाला" म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्याकडे बघून म्हणाला, भूक लागली.

सप्ताहाचे सातही दिवस यंत्र बंद पडलं नाही. देवळाच्या कोपऱ्यात ते तापायचं आणि तापलं की त्यातून सुक्या बांगड्याचा वास यायचा. देवळातली मंडळी नाकं वर करून एकमेकांकडे बघायची. पण बुवांचा आवाज बंदरावर शाकारलेल्या होड्यांपर्यंत जात होता. शेवटच्या दिवशी गजर झाल्यावर बुवांनी माइक हातात घेतला आणि देवळात बोलायच्या भाषेत सांगितलं, "हे यंत्र काशीराम कोयंडे यांनी स्वतः बनवलं आहे. त्याची तार नर्मदाबाईंनी भरली. दोघांनाही देव सुखी ठेवो."

बुवांनी पडवीत नर्मदेला बसलेलं पाहिलं होतं. त्यांचा दोष नव्हता. हिरा बायकांच्या रांगेत होती. तिनं कोपऱ्यात बसलेल्या काशीरामकडे बघितलं. तो व्हॉल्व्हकडे बघत होता. दोन माणसं सोडून नर्मदा बसली होती. तिनं हिराकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. तोंड मात्र तिनंही उघडलं नाही. हिरानं ओळखलं. आपण चिंचोका हातात धरून गप्प बसलो होतो, आता ती गप्प बसली. फिटंफाट. पण ती देवळातून प्रसाद न घेता घरी आली.

काशीरामला चूक कळली होती. पण माइक बंद झाल्यावर ती दुरुस्त कुठे करणार? तो दोन-तीनदा बोलायला आला, तेव्हा हिरा चुलीशी काहीतरी हलवत राहिली.

गणपतीनंतर मालवणचा एक लाऊडस्पीकरवाला जळका ट्रान्सफॉर्मर घेऊन आला. देवगडला भरून मिळतो, अशी बातमी भजनी मंडळींनी नेली होती. काशीरामनं ती वस्तू आत आणून हिरापुढे ठेवली.

"भरशीत?"

"कोणी भरल्यान म्हणान सांगतलास?"

"तू भरलंस म्हणान."

"आता सांगा. तेच्यासमोर."

काशीराम पडवीत गेला. ती दाराआड उभी राहिली. त्यानं एकदा खाकरून सांगितलं, हे काम माझी बायको करते, सप्ताहाचंही तिनंच केलं होतं. लाऊडस्पीकरवाल्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. कधी मिळेल, एवढंच त्यानं विचारलं. हिरानं त्या दुपारी फडकं घेतलं.

मग काम येत राहिलं. रेडिओचे, कर्ण्यांचे, पुढं बागायतदारांच्या पंपांच्या मोटारी. मासळीची पाटी हिरानं सोडली नाही, पण दुपार तारेची झाली. नर्मदा मधूनमधून यायची, बाजूला बसून बघायची, क्वचित म्हणायची, कडेला सैल गेलंय. हिरा तेवढं उलगडून पुन्हा भरायची. दोघींचं कधी फार जमलं नाही आणि कधी तुटलंही नाही. भाच्याला मुंबईत खोली मिळाली तेव्हा नर्मदा परत गेली. हिरा तिला बोटीवर चढवायला गेली होती. बोट दिसेनाशी झाल्यावर तिला हायसं वाटलं, आणि पुढचे कित्येक दिवस पडवी रिकामी वाटली. काशीरामच्या मुंबईबद्दल विचारायला आता कोणी उरलं नव्हतं. तो स्वतः काही सांगत नसे. तेवढा भाग तिला कायमचा मिळाला नाही, आणि त्याचं शल्य तिला म्हातारपणीही होतं.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात वेंगुर्ल्याकडच्या एका टुरिंग टॉकीजचा माणूस आला. तंबूतला अ‍ॅम्प्लिफायर जळला होता, खेळ बंद पडले होते. पडवीत काशीराम बसला होता. माणसानं रामराम करून विचारलं, "बाय खंय आसत?"

"बाजारात गेली हा," काशीराम म्हणाला.

हिरा माजघरात होती. सुपाचा आवाज त्या माणसालाही ऐकू येण्याइतक्या अंतरावर ती तांदूळ पाखडत होती. माणूस म्हणाला, मग थांबतो, त्यांच्याच हातात द्यायला सांगितलंय. काशीराम म्हणाला, इथं ठेवा, काय ते मी बघतो. माणूस ठेवायला तयार होईना.

हिरा सूप खाली ठेवून बाहेर आली. माणसानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा काशीरामकडे, आणि उगाच पावसाची गोष्ट काढली. काशीरामनं तोंड फिरवून फळीवरचा एक व्हॉल्व्ह पुसायला घेतला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. त्याच्या मानेवरची शीर ताठ झाली होती, कान लाल झाले होते. तो चेहरा हिरानं आरशात पाहिलेला नव्हता, कारण नर्मदा पडवीत यायची त्या दिवसांत ती आरशापुढे उभीच राहत नसे. पण तो आतून कसा असतो, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

तिनं वस्तू ठेवून घेतली. दुपारी दोघं चौकटीला बसली तेव्हा काशीराम हँडल इतक्या जोरात फिरवू लागला की तार तुटली. तिनं जोडली.

"हळू," ती म्हणाली.

"तुकाच सगळां येता."

"तार माका येता," हिरा म्हणाली, आणि फडकं पुन्हा बोटांत धरलं.

त्याची समजूत घालावी असं तिला वाटलं नाही. व्हॉल्व्ह तुमचे, जोडणी तुमची, माझं काय नुसतं गुंडाळणं, असं म्हणता आलं असतं. तिनं म्हटलं नाही. त्याचं ते धुमसणं तिनं काम पुरं होईपर्यंत शांतपणे उपभोगलं, उन्हात बसून पाठ शेकावी तसं. कोणीतरी आपल्यावर जळतं आहे, हे सुख तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं, आणि तेही घरातच.

टॉकीजवाला न्यायला यायच्या दिवशी मात्र ती पाटी डोक्यावर घेऊन लवकरच बाजारात निघाली. "तुमीच देवा तेका," असं तिनं जाता जाता सांगितलं. दुपारी परत आली तेव्हा पडवी झाडलेली होती आणि काशीराम एका नव्या रेडिओत डोकं खुपसून बसला होता. माणूस आला होता का, काय म्हणाला, हे तिनं विचारलं नाही. पाटी उतरवली, आणि उरलेल्या दोन सुरमयांपैकी मोठी कापायला घेतली.